आधी कुवारणीचा घास

मी विहिरीवर घागरीसकट पडले, तर बायकांनी तोंडावर पाणी मारायचं सोडून माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. एक म्हणाली, "देवी आली व पोरीच्या अंगात. काही खातच नाई ना ते." दुसरी पाया पडली. मला सगळं ऐकू येत होतं. पाणी मागायचं होतं, पण जीभ हलत नव्हती. आई धावत आली आणि तिनेच शेवटी माझ्या तोंडात पाण्याची धार धरली.

बुलढाण्याकडच्या धाडजवळचं आमचं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, चौथीनंतर शाळा सुटलेली. थोरली बहीण आदल्या साली पहिल्या बाळंतपणात गेली होती. तिच्यासारखंच माझं अंग भरू लागलं, तसे मला पाहायला पाहुणे येऊ लागले. पाहुणे येणार म्हटलं की छातीत धडधडायचं, श्वास कोंडायचा, घास घशाखाली उतरायचा नाही. एका सोमवारी उपास धरला आणि बरं वाटलं. मग गुरुवार धरला, शुक्रवार धरला. पुढे धरायला वारच उरला नाही, आणि फराळाचंही मी कुत्र्याला घालू लागले. लोक म्हणाले, केवढी भक्ती! माझ्या मनात देव कुठेच नव्हता. आपलं शरीर बहिणीसारखं होऊ नये, एवढंच होतं. आता डॉक्टर अशा दुखण्याला नाव देतात. तेव्हा त्याला उपास म्हणत, आणि उपासाला कोणी अडवत नसे.

वडिलांनी मला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हिला खाऊ घाला. तेच तर होत नव्हतं. मग आईने हट्टाने देऊळगाव राजाला बालाजीकडे नेलं. आम्ही धर्मशाळेत उतरलो. आई देवापुढे डोकं टेकून रडली. मी बाहेर ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. देव काही करील असं मला वाटत नव्हतं.

दुपारी एक म्हातारी शेजारी येऊन बसली. हातभर गोंदलेलं, पायात चप्पल नाही. तिने फडकं सोडलं. आत भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. भाकरीचा तुकडा मोडून तिने माझ्यापुढे धरला.

"घे व माय. माहा नेम हाये. कुवारणीनं पयला घास घेतल्याबिगर मी जेवत नाई."

"माहा उपास हाये," मी म्हणाले.

"आज कायचा?"

"रोजचाच."

ती हसली. "मंग मीबी उपाशीच. बरं झालं देवाचं, दोन तोंडं कमी झाली."

देवळातून बाहेर आलेली आई ओशाळून म्हणाली, "मावशी, दुसरी एखादी पोरगी पाहा ना. लई हायेत इथं."

"नजर हिच्यावर गेली. आता हेच."

तिने तुकडा परत फडक्यावर ठेवला आणि तिथेच बसून राहिली. खा म्हणाली नाही, समजावलं नाही. ऊन ओट्यावरून उतरलं तरी ती हलली नाही. तिची बोटं थरथरू लागली. ती थरथर मला ओळखीची होती, माझी बोटंही तशीच थरथरायची. मी उपाशी राहिले तर मरेन हे मला कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. पण ही बाई माझ्यापायी उपाशी राहिली होती, ते मला सोसवेना. मी तुकडा उचलून तोंडात घातला. छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हातारीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आपली भाकरी मोडून खाऊ लागली.

जाताना म्हणाली, "एका घासानं मेली नाईस ना? मंग उद्याचं उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी ती आली. त्यानंतरही काही दिवस येत राहिली. एक घास, मग चतकोर, मग अर्धी भाकरी. एके दिवशी आलीच नाही. आईने देवळापुढच्या फुलवालीला विचारलं. ती म्हणाली, "अशा लई येतात न जातात."

घरी आल्यावर आईने तोच नेम धरला. मी घास घेतल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि तिला उपाशी ठेवणं मला जमायचं नाही. लगेच बरी झाले असं नाही. पुष्कळदा घास अडकला, पुष्कळदा रडले. वडिलांनी पाहुण्यांना काही वर्षं वाटेला लावलं. गल्लीतल्या बायका मात्र हळहळल्या, देवी गेली म्हणून.

ती म्हातारी कोण होती, मला माहीत नाही. बालाजीने पाठवली असं आई मरेपर्यंत म्हणायची. मी वाद घातला नाही. मला एवढंच समजतं की तोवर मी सगळं मुठीत आवळून धरलं होतं, आणि घास घ्यायचा तर मूठ सोडावी लागते. ती मी स्वतःहून सोडली नाही, माझ्याकडून सोडवून घेतली गेली. म्हणून मी बालाजीला जाते, भाकरी बांधून नेते, आणि आधी एखाद्या पोरीला देते. ती खाते, मग मी खाते.

पुढे लग्न झालं, बाळंतपणं झाली, नातवंडं झाली. आम्हा दोघी बहिणींतली मी जगले.