उभ्या गाडीतले मास्तर

मास्तर कुणाच्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. जिथे ब्रेक नाही तिथेही. रिक्षात मागे बसले तरी वळण आलं की पाय खाली रुतायचा, आणि रिक्षावाल्याने नेमका तेव्हाच वेग कमी केला तर मास्तर समाधानाने मान हलवायचे, जणू त्यांनीच थांबवली. तीस वर्षं त्यांनी ठाण्यातल्या अर्ध्या नौपाड्याला गाडी शिकवली. शिकणारा उजवीकडे, हे डावीकडे, पायाशी जादाचा ब्रेक. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. मास्तर म्हटलं की पुरे.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला बंगळुरूला, आणि ‘आता मला कोण कुठे नेणार’ या रडगाण्याचा माझा मलाच कंटाळा आला होता. पहिल्याच आठवड्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला माझ्या हातून गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. मी नुसती चावी फिरवत राहिले. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वहिनी, मागच्याला घाई आहे, तो त्याचा प्रश्न. तुम्ही आधी न्यूट्रल करा.” हे वाक्य मी पुढे सासरच्या माणसांनाही ऐकवलं आणि सोसायटीच्या कमिटीलाही. दरवेळी उपयोगी पडलं.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाखातर मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मास्तरांनी तिच्याभोवती एक फेरी मारून नाक मुरडलं. “क्लच नाही, गिअर नाही. मग हिच्यात शिकवायचं काय?” गाडीत समोर मोठा पडदा आहे. गाडी उभी असली की त्यावर शर्यतीचा खेळ लावता येतो. खरं स्टिअरिंग फिरवलं की पडद्यावरची गाडी वळते, खरा ब्रेक दाबला की थांबते. मी हे कौतुकाने दाखवायला गेले, तर मास्तरांचा आक्षेप तयारच होता. “उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवू नये. टायर झिजतात.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता स्वारी आमच्या पार्किंगमध्ये हजर. “बघू तरी काय असतं ते,” म्हणाले. टायरचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

मग तो परिपाठच झाला. संध्याकाळची बॅच सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास मास्तर माझ्या गाडीत. ते उजवीकडे, मी डावीकडे, मध्ये चहा आणि भज्यांची ताटली. खेळायचे कसे, तर आधी सीटबेल्ट लावायचे. उभ्या गाडीत. पडद्यावर वळण आलं की इंडिकेटर द्यायचे. मागून कुणी आलं की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे. आठ गाड्यांत ठरलेले आठवे. मी हसून लोटपोट व्हायचे. “मास्तर, ही शर्यत आहे.” तर म्हणायचे, “असू दे. पोचलो की नाही सुखरूप? तो पहिला आलेला बघा, तीन वेळा आपटलाय.” बायको गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही संध्याकाळच्या पाचची ओढ लागली होती. रिकाम्या घरात चहा एकटीने पिण्यात काही राम नसतो.

मागच्या वर्षी थंडीत मास्तर आपटायला लागले. त्यांच्यासारखा माणूस, जो पडद्यावरच्या गाडीलाही ओरखडा येऊ देत नसे. “मध्येच आला हो हा,” म्हणायचे, “या खेळवाल्यांना शिस्त नाही.” मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं, मध्येच येणारं सगळं डावीकडूनच येत होतं. एकदा भज्यांची ताटली त्यांच्या डाव्या हाताशी होती आणि ते ती चाचपडत शोधत होते. एकदा मी डावीकडचं दार उघडून आत बसले, तरी मी बोलेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

मी गप्प बसले. एवढ्या मोठ्या माणसाला, ज्याने मला गाडी शिकवली त्याला, तुम्हाला दिसत नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ही वरवरची सबब. आतली गोष्ट अशी की सांगितलं तर ते यायचे थांबतील, याची मला भीती वाटत होती. रोज सकाळी गॅलरीतून मी बघायचे, दुसऱ्या मजल्यावरची सायली त्यांच्या गाडीत बसून शिकायला निघायची. ती नवखी, आणि तिला सांभाळणारा माणूस डावीकडे बसलेला. रस्त्यात मूल उतरतं ते डाव्या फुटपाथवरूनच. हे सगळं कळत असून संध्याकाळी मी पुन्हा भजी तळायचे.

एके दिवशी पडद्यावर डावीकडून लाल गाडी येताना दिसली आणि मला राहवलं नाही. “मास्तर, डावीकडे बघा.”

“कुठे?”

तोवर ती आदळून पुढे गेलीसुद्धा. मास्तरांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“हे आधीही होत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तीन आठवडे झाले असतील.”

“म्हणजे तीन आठवडे मी या पोरींना रस्त्यावर नेत होतो, आणि तुम्ही मला भजी खायला घालत होतात.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सीटबेल्ट काढला, दार नीट लावलं आणि चालत निघून गेले. त्याच संध्याकाळी एकेका शिष्याला फोन करून दुसरीकडे जायला सांगितलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा बहुतेक गेलेला, उजव्यालाही सुरुवात. महिन्याभरात दोन ब्रेकची ती गाडी विकली गेली आणि लेक त्यांना डोंबिवलीला, मानपाड्याला घेऊन गेली.

मी भेटायला गेले ती तीन महिन्यांनी. धीरच होत नव्हता. ती आमची शेवटची भेट ठरली. पावसाळ्याच्या तोंडावर झोपेतच गेले ते. त्या भेटीत मात्र आवाजावरून मला लगेच ओळखलं. “या वहिनी. पार्किंग मिळालं का?” लेक चहा टाकायला आत गेली तशी मी म्हणाले, “मास्तर, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकले मी.”

ते खुर्चीत सरळ होऊन बसले. मग म्हणाले, “शंका मलाही होती. गल्लीतून गाडी काढताना दोनदा आरसा घासला होता. डॉक्टरकडे जायची हिंमत होईना. म्हटलं, खेळात कुणाला लागत नाही, तिथे आधी कळेल. शेजारी तुम्ही असायचात. काही चुकत असेल तर वहिनी सांगतील, असं धरून चाललो होतो. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून सकाळी निर्धास्त गाडी काढायचो.”

यात राग नव्हता. माझ्यावर टाकलेला विश्वास ते मला सांगत होते, इतकंच. मी चहा घेतला, त्यांच्या पाया पडले, आणि खाली येऊन गाडीत बसून पोटभर रडले.