राणीच्या पेटीतल्या टोप्या

बाये, खाली बस आणि हे नीट वाच. उभ्या उभ्या फोनवर बोट सरकवू नकोस. महिना झाला तुझं तोंड बघून. तुझी अबुधाबी दुबईपासून काय रत्नागिरीएवढी लांब आहे?

तू विचारलंस, अम्मी, दगडातून तलवार उपसणाऱ्या इंग्रजांच्या राजाची गोष्ट तुला कुठून माहीत? तुझ्याच वेळच्या बाळंतपणात कळली.

तेव्हा आम्ही दुबईत खाडीजवळ झावळ्यांच्या खोलीत राहत होतो. तुझे अब्बा सकाळीच बंदरावर जायचे आणि मी चाळीस दिवस आत, तुला घेऊन. शेजारी श्रीवर्धनकडची एक आपा होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, इंग्रजी शिकलेली. तिला मूलबाळ नव्हतं. रोज दुपारी येऊन ती एका जाड इंग्रजी पुस्तकातून मराठीत गोष्ट सांगायची. राजा तोच जुना, पण पुस्तक नव्या तऱ्हेचं. त्यातल्या राजाचा तलवार उपसताना खांदा लचकलेला.

"आपा, हा राजा की हमाल?"

"तू उपसून बघ दगडातनं, मग बोल."

मी पोट धरून हसले. पण राणीची गोष्ट सुरू झाली आणि माझं हसू थांबलं. राणी म्हणे दुपारी दार लावून बारक्या टोप्या शिवते आणि पेटीच्या तळाशी लपवते. कुणाचं बाळ दिसलं की हात ओढणीखाली घेते. इंग्रज राणीला ओढणी कुठली? आणि हे सांगताना आपाची नजर पुस्तकावर नसायची. तुझ्यावर असायची. पान उलटल्याचा आवाजही यायचा नाही.

मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण डोकं होतं. पुस्तक ती माझ्याकडेच ठेवून जायची. ती गेल्यावर तिच्या खुणेच्या पानात मी दोरा ठेवला. चार दिवसांनी बघितलं तर खूण नि दोरा तिथेच. राणीच्या मात्र तोवर सात टोप्या शिवून झालेल्या.

मग मी तुला काळा दोरा बांधला, रोज कुराणातली आयत वाचून फुंकर मारायला लागले. ती आली की मी तुला कुशीत घ्यायची, पाठ तिच्याकडे. असं करत पाचव्या दिवशी विचारलंच, "आपा, हे पुस्तकात आहे का?"

"नाही." तिने पुस्तक मिटलं. "पुस्तकात राणीला मूल झालं नाही, एवढंच एक वाक्य आहे. पुढे तिला कुणी काही विचारलेलं नाही."

मीही काही विचारलं नाही. मला एवढंच वाटलं, ही बाई कबूल करतेय. काय कबूल करतेय ते कळून घ्यायची माझी तयारी नव्हती.

जाताना ती म्हणाली, "एकदा मांडीवर देशील?"

"चाळिसावा होऊ दे, इन्शाल्ला."

चाळिसावा झाला. न्हाऊन तुला घेऊन बाहेर पडले ती तिच्या दारावरून थेट पलीकडच्या घरी. ती दारातच उभी होती. मी "चलते हं" म्हटलं आणि चालत राहिले. दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्याला अबुधाबीत काम मिळालं. निघताना भेटायला आली, तुझं नाव विचारलं, मांडीचं काढलं नाही. तरी ती गेल्यावर मी मीठ-मिरच्या ओवाळल्याच.

पुढे तुझ्या पाठीवर दोन झाली, आजारी पडली, बरी झाली. तेव्हा कुणावर संशय घ्यायला शेजारी आपा नव्हती. मग मला थोडं थोडं कळत गेलं.

परवा एका लग्नात ऐकलं, आपा इथे जवळच अजमानला भाच्याकडे असते, नवरा गेला. मी दोनदा टॅक्सी बोलावली, दोनदा परत पाठवली. दार उघडेल का, उघडून काय म्हणेल, काही भरवसा वाटत नाही. मी एकटी जायची नाही, बाये. तू ये. साठीला टेकलीस म्हणून काय झालं, तिच्या शेजारी जाऊन बस, मांडीवर डोकं ठेव हवं तर. या शुक्रवारीच ये.