देखणी रेषा

आज सकाळी टीव्हीवर हवेच्या दाबाचा नकाशा दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या त्या रेषा, लोण्यातून बोट फिरवल्यासारख्या गुळगुळीत! हवा कधी इतकी शहाण्यासारखी वागते का?

हवामान कार्यालयात मी वर्षानुवर्षं या रेषा पेन्सिलीने काढल्या. एका दुपारी दीपगृहावरच्या निरीक्षकाने कळवलेला दाब आजूबाजूच्या ठिकाणांपेक्षा फारच कमी होता. तो आकडा धरला, तर रेषेला किनाऱ्यापाशी कुबड येत होतं. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "हे काय काढलंय? वाचताना चुकला असेल तो. रेषा कशी देखणी हवी!" मी कुबड खोडलं.

संध्याकाळी वारा नेमका तिथेच घुसला. इशारा गेलाच नव्हता. मासेमारीची एक होडी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी निरीक्षकाचा फोन आला. "मी तीनदा बघून कळवलं होतं हो," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून गुळगुळीत काहीही दिसलं की मला संताप येतो. गोड शब्दांतले अहवाल, 'सगळं ठीक आहे' म्हणणारी माणसं. यांनी कुणाचा आकडा खोडला, असं विचारावंसं वाटतं. साहेबांना तर मी अजून माफ केलेलं नाही.

पण रबर माझ्या हातात होतं. खोडून झाल्यावर मी नकाशा जरा लांब धरून पाहिला होता, आणि ती रेषा मला आवडली होती.