झरीचं परीक्षा केंद्र

माझी बायको आणि मी वणीच्या एकाच कॉलेजात शिकवत होतो. ती भूगोल, मी इतिहास. कॉलेजातले लोक आमचं घर म्हणजे स्टाफरूमचाच पुढचा भाग समजत, आणि ते खोटंही नव्हतं. विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक लागली तेव्हा तिनं उभं राहायचं हे आमच्याच बैठकीत, चहा पिता पिता ठरलं. अधिसभेत काही माणसं प्राध्यापकांनी निवडून दिलेली असतात. विद्यापीठाच्या कारभारात शिकवणाऱ्यांचा आवाज तेवढाच. आमच्याकडून त्या जागेवर बहुधा अशी माणसं जात, ज्यांना पुढे प्राचार्य व्हायचं असे.

तिला प्राचार्य व्हायचं नव्हतं. तिला झरी जामणीला परीक्षा केंद्र हवं होतं.

त्या तालुक्यात एक लहानसं कॉलेज होतं. तिथल्या पोरापोरींना बी.ए.चे पेपर द्यायला आमच्या कॉलेजात यावं लागे. जंगलातल्या गावांहून येणाऱ्या मुली. कुणी कोलाम, कुणी गोंड, कुणी बौद्ध, कुणी कुणबी घरातल्या. वणीत ज्यांचं कुणी नाही त्या रोज ये-जा करायच्या. एका वर्षी पेपर सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर चार-पाच मुली धावत आल्या. एसटी रस्त्यात बंद पडली होती, कोळशाच्या ट्रकला हात दाखवून त्या आल्या होत्या. नियमाप्रमाणे आता त्यांना आत घेता येत नव्हतं. दारावर पर्यवेक्षक म्हणून माझी बायकोच होती. मुली भांडल्या नाहीत. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून त्यांनी बांधून आणलेली भाकर खाल्ली आणि परतीच्या गाडीची चौकशी केली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी माझ्याशी भांडायला पाहिजे होतं."

पुढच्याच हिवाळ्यात निवडणूक आली. मी मोटारसायकल चालवायची आणि तिनं मतं मागायची, असं आम्ही जिल्हाभर फिरलो. उमरखेडच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सगळ्यांत आधी शब्द दिला. आम्हाला घरी जेवू घातलं, मग आपल्या स्टाफरूममध्ये नेऊन म्हणाले, "ह्या बाईले निवडून द्या. ह्या भाषण देत नाहीत, काम सांगतात." ती हसली होती त्या दिवशी. परतताना मागे बसून सारखी बोलत होती. विद्यापीठ म्हणजे कुलगुरूंचं ऑफिस नव्हे, ते आपलं सगळ्यांचं घर आहे, घरातल्या माणसानं घरात बोललं पाहिजे, असं काहीबाही. वाऱ्यानं अर्धं मला ऐकू येत नव्हतं, पण मी हो हो म्हणत होतो.

ती निवडून आली. वर्षभर तिनं प्रत्येक सभेत झरीचा विषय लावून धरला. लोक तिला चेष्टेनं "झरीवाल्या मॅडम" म्हणू लागले. शेवटी परीक्षा केंद्रं ठरवणाऱ्या समितीवरच तिला घेतलं आणि केंद्र मंजूर झालं. पहिल्या वर्षीची परीक्षा पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. मुली घरून जेवून, पायी आल्या होत्या. एकीची आई तिचं तान्हं लेकरू घेऊन व्हरांड्यात बसली होती; पेपर सुटला की मुलगी बाहेर येऊन त्याला पाजायची. माझ्या बायकोनं त्या लेकराला मांडीवर घेतलं आणि ती बराच वेळ तिथंच बसली. आम्हाला मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही बोलणं केव्हाच सोडलं होतं.

दुसऱ्या वर्षी झरीच्या केंद्रावर भरारी पथक आलं. बाकांखाली, खिडकीच्या गजांत, सगळीकडे चिठ्ठ्या सापडल्या. वर्तमानपत्रात बातमी आली. विद्यापीठानं समितीला चौकशी करायला सांगितलं आणि समितीनं जवळ राहणारी सदस्य म्हणून तिलाच पाठवलं; मोटारसायकल चालवायला मी होतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं किडली, जे पिकलं त्याला भाव नव्हता, आणि झरीकडच्या घराघरातून माणसं पैनगंगेपलीकडे आंध्रात वेचणीला जात. कॉलेजची अवस्था काही वेगळी नव्हती. शिक्षक निवृत्त होत, बदलून जात, आणि भरतीवर बंदी असल्यामुळे त्यांच्या जागी कुणी येत नसे. हे आम्हाला मोघम माहीत होतं. किती खोलवर गेलं आहे, ते तिथं गेल्यावर कळलं.

प्रभारी प्राचार्य सज्जन गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, बाहेरच्या पोट्ट्यांनी चिठ्ठ्या फेकल्या, असं सांगा. पोरींचा काही दोष नाही म्हणा. केंद्र वाचते."

ती म्हणाली, "मी मुलींशी बोलते."

मी व्हरांड्यात होतो, दार उघडंच होतं. बऱ्याच मुली खाली मान घालून बसल्या. एक बोलली. कोलाम घरातली, शेवटच्या वर्षाला होती, राज्यशास्त्र घेतलेली. आदल्या वर्षी लेकरू घेऊन आलेली ती हीच. मी तिला आवाजावरून नाही, पण डोक्यावरून पदर सरकवण्याच्या ढबीवरून ओळखलं.

"केली आमी कॉपी, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्याइनं केली. सर दिवाळीच्या आंधीच गेले, मंग कोणी आलंच नाई. पुस्तक सुदिक नाई. सहा महिने आमी नुसत्या येऊन बसून राह्यलो. पेपरात काय लिहाव मंग?"

"हे मी वर सांगू का?" माझ्या बायकोनं विचारलं.

"सांगा नं. खरं हाय ते. तुमी सांगसान तं सर तरी देतीन आम्हाले."

वणीला परतल्यावर ती घराचं कुलूप काढताना म्हणाली, "त्या पोरीला वाटतं, मी सांगितलं की शिक्षक येतील." मग म्हणाली, "मलाही वाटतं."

समितीची बैठक विद्यापीठात होती. मी बाहेर कँटीनमध्ये थांबलो होतो. आत काय झालं ते तिनं मला परतीच्या एसटीत सांगितलं. तिनं सगळं खरं मांडलं. कॉपी झाली, सगळ्यांनी केली. का केली, तेही. मग तिनं मागणी केली की केंद्र राहू द्या, दोषी पर्यवेक्षकांना काढा, आणि शिक्षक मिळेपर्यंत आसपासच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी आळीपाळीनं तिथं जाऊन शिकवावं. दर शनिवारी मी स्वतः जाईन, असंही ती म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल समिती आभारी आहे. पण शिक्षकांच्या जागा हा शासनाचा विषय आहे, आपल्या कक्षेत येत नाही. कॉपी आपल्या कक्षेत येते. आणि ती झाली, हे तुम्हीच सांगताय."

केंद्र रद्द करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर तिच्याशिवाय सगळ्यांचे हात वर गेले. त्यात समितीवर असलेल्या उमरखेडच्या त्या ज्येष्ठ प्राध्यापकांचाही होता. ते तिला बाहेर सोडायला आले. मी पाहिलं, ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "विरोध कशाच्या बळावर करू, सांगा. तुम्हीच तर कबूल केलं."

"मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, सर," ती म्हणाली.

"एकच लिहून घेतली त्यांनी," ते म्हणाले, आणि आत गेले.

एसटीत ती खिडकीशी बसली. यवतमाळ येईस्तोवर तिनं तीच हकिकत मला पुन्हा पुन्हा सांगितली. दर वेळी एखादा शब्द बदलून, जणू नीट सांगता आली तर शेवट बदलेल. मी तिचा हात धरला होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पुढच्या परीक्षेच्या आधी आम्ही त्या मुलीच्या गावी गेलो. तिचा निकाल राखून ठेवला होता, पेपर पुन्हा द्यायचे होते आणि केंद्र आता वणीच होतं. ती अंगणात लेकराला न्हाऊ घालत होती. नवरा वेचणीला आंध्रात गेला होता, तीही दोन दिवसांनी निघणार होती. तिनं आम्हाला खाट टाकून दिली आणि कोरा चहा केला.

माझी बायको म्हणाली, "परीक्षेपर्यंत तू आमच्या घरी येऊन राहा. लेकराला घेऊन ये. मी सांभाळीन."

मुलीनं लेकराचं अंग पुसलं, त्याला मांडीवर घेतलं, मग म्हणाली, "माह्या एकटीचं करसान, मॅडम. बाकीच्या पोरीइचं काय?"

माझ्या बायकोनं हातातला चहा खाली ठेवला.

"मले राग नाई तुमचा," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. "मीच म्हणली होती सांगा म्हून. पण तुमी खोटं बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. सर तं तसेबी नाई आले. केंद्र तरी राह्यलं असतं."

निघताना माझ्या बायकोनं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मोटारसायकलवर ती माझ्या पाठीला डोकं टेकून बसली. माझा शर्ट ओला झाला. मी गाडी थांबवली नाही, कारण थांबवली असती तर तिला डोळे पुसावे लागले असते.

ती मुलगी परीक्षेला आली नाही. तिच्याबरोबरच्या बहुतेक मुली आल्या नाहीत. माझ्या बायकोनं अधिसभेची मुदत पूर्ण केली, प्रत्येक सभेला गेली, पण बोलायला उठणं तिनं कमी केलं. पुढच्या निवडणुकीला लोक घरी आले, तेव्हा तिनं सगळ्यांना पोहे केले आणि नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, "माझं बोलणं तिथं चुकीच्या कामी येतं."

बऱ्याच वर्षांनी झरीला केंद्र पुन्हा मिळालं. एका तरुण सदस्यानं ते मिळवलं, आणि मेहनतीनं मिळवलं. त्यानं आठवणीनं फोन केला की पहिल्या पेपरला मॅडमनी यावं. ती येते म्हणाली. सकाळी तयार झाली, केस नीट विंचरले, चप्पल पुसली. आता आमच्याकडे जुनी कार होती. झरीच्या अलीकडचं मुकुटबन मागे पडलं तशी ती म्हणाली, "थांबवा."

मी गाडी बाजूला घेतली. ती पुढच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिली. रस्त्यानं दोन मुली हातात पॅड घेऊन भराभर चालल्या होत्या.

"माझ्या मुली नसतील तिथं," ती म्हणाली.

मी गाडी वळवली. त्या तरुण सदस्याला तिनं घरी आल्यावर फोन केला, त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. मग ती आत जाऊन पडली, दिवसाउजेडी, भिंतीकडे तोंड करून. मी दार लोटून घेतलं आणि भात टाकायला स्वयंपाकघरात गेलो.