एकलहऱ्याची वटवाघळं
ओल्या गोणपाटाचा वास आला की नव्वदच्या दशकातली, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली मे महिन्यातली एक दुपार आठवते. उन्हानं चिंचेवरची वटवाघळं पटापट खाली पडू लागली, तशी आई गोणपाट भिजवून धावली. एका मेलेल्या मादीच्या पोटाला जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. आईनं त्याला बोटानं पाणी पाजलं. “असा उन्हाळा पाहिला नव्हता,” ड्यूटीवरून आलेले बाबा म्हणाले. “रोज एवढा कोळसा जळतो, त्याची धग कुठं जाणार?” आई म्हणाली. “त्यावरच आपलं घर चालतं,” बाबा हळूच म्हणाले. संध्याकाळी पिल्लूही गेलं. मायलेकरांना एकाच खड्ड्यात पुरून बाबा न जेवताच झोपले. आता उन्हाळे त्याहून कडक असतात, आणि मरून पडलेली वटवाघळं पाहून माझ्या मुलीला नवलही वाटत नाही.