स्वच्छ चड्डीचा बचावपटू

फुटबॉल मला आवडत नाही. आजही नाही. दीड तास बावीस माणसं घामाघूम होऊन पळणार आणि शेवटी फळ्यावर शून्य-शून्य, यात बघायचं काय, असं मी कॉलेजात असल्यापासून म्हणत आलोय. तरीही माझ्या आयुष्यातला एक अख्खा मोसम मी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभं राहून काढला आणि त्याच्या आठवणी मला अजून पुरतात. कारण त्या मैदानावर एक जपानी बचावपटू होता.

झालं असं, की पुण्यात मी हौसेने जपानी शिकलो आणि त्या भाषेच्या जोरावर नव्वदच्या दशकात दुबईत एका जपानी कंपनीत चिकटलो. मासेमारीच्या बोटींना लावायची इंजिनं आम्ही विकायचो. डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदरात आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. म्हातारा अरब व्यापारी. सगळे त्याला अरबाब म्हणत, म्हणजे मालक. तरुणपणी व्यापारासाठी वर्षानुवर्षं मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे तो फर्ड्या हिंदीत बोलायचा. तिथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचाही तो अध्यक्ष होता, आणि तो क्लब धडाधड गोल खात होता. एक दिवस अरबाब आमच्या जपानी साहेबांना म्हणाला, "तुम्हारा इंजन कभी बंद नहीं हुआ. मेरे को एक डिफेंडर भी जापान से मँगा के दो." मला हसू आलं. साहेबांना आलं नाही, कारण ते फुटबॉलवेडे होते. त्यांनी खरोखरच एक मागवला आणि त्याच्यासोबत दुभाषा म्हणून मला उसना दिला.

आता आली का पंचाईत. आम्ही राहायचो दुबईतल्या अल कुसैसला. ऑफिसातून लवकर सुटून धैद, मसाफी असं डोंगरातून गाडी हाकत खोर फक्कानला जायचं, संध्याकाळचा सराव संपला की परत. आठवड्यातून तीनदा. बायको म्हणाली, "तुमचा खेळाशी संबंध टीव्हीच्या रिमोटपुरता. तुम्ही तिथे काय दिवे लावणार?" मी म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे. पहिल्या संध्याकाळी मात्र मी फुरंगटूनच गेलो होतो.

तो चौतिशीचा होता. उंच नाही, आडदांड नाही, बँकेत काउंटरमागे शोभला असता असा. मला बघून कमरेत वाकला आणि एवढ्या लांबून यावं लागलं याबद्दल त्याने माफी मागितली. माझा निम्मा राग तिथेच उतरला. त्याची बायको आणि मुलगी शाळेमुळे जपानलाच राहिल्या होत्या. इथे एका दुकानाच्या वरची खोली त्याला दिली होती, आणि ती त्याने अशी लख्ख ठेवली होती की चपला काढून आत जाताना मला माझ्या मोज्यांची लाज वाटली.

पहिले काही सामने आमचं पानिपत झालं. बचाव म्हणजे धावणं आणि अडवणं एवढंच असेल अशी माझी समजूत होती. पण हा मैदानावर सतत बोलायचा. डावीकडे बघ, मागे माणूस आहे, सगळे वर सरका. सगळं जपानीत. गोलकीपर पोलीस खात्यातला, बाकीचे बंदरात नाहीतर पालिकेत कामाला. त्यांना काय कळणार? मग मी रेषेवरून ओरडायला लागलो. त्याचं जपानी ऐकायचं आणि हिंदी-अरबीची खिचडी करून फेकायचं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत चेंडू जाळ्यात गेलेला असायचा. एका सामन्यात पंचाने मला हाताला धरून दोरीपलीकडे नेऊन उभं केलं. लोक हसले. मीही हसलो, पण आतून चरफडलो.

त्या सामन्यानंतर अरबाबने मला बाजूला घेतलं. "बोलो उसको, रमजान तक देखता हूँ. नहीं तो खलास, टिकट देता हूँ. उसकी जगह गोल मारनेवाला लाऊँगा."

हे त्याला सांगायचं काम माझं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि खोलीवर आल्यावर चहा करता करता आपली सगळी कारकीर्द माझ्यापुढे मांडली. त्याआधी तो स्वतःबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

शाळा संपल्यावर तो एका कारखान्याच्या संघात गेला. सकाळी कारखान्यात तयार माल तपासायचा, दुपारनंतर सराव. मग जपानमध्ये फुटबॉलचा धंदा झाला. कालपर्यंत शेजारच्या टेबलावर डबा खाणारी पोरं केस रंगवून टीव्हीवर दिसू लागली. यालाही करार मिळाला. परदेशातून आलेल्या नामांकित फॉरवर्डांना अडवायचं काम याच्याकडे. सगळ्या कारकिर्दीत गोल एकच, तोही गुडघ्याला लागून गेलेला. पुढे खालच्या विभागात गेला आणि एका मोसमाच्या शेवटी क्लबच्या माणसाने त्याला हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी तुमची गरज नाही, असं तो माणूस म्हणाला. तिथली रीतच तशी.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल आभार मानले. वाकलो. घरी गेलो." मग माझ्यापुढे कप ठेवत म्हणाला, "थांबायचं माझ्याही मनात होतं. त्याच आठवड्यात सांगणार होतो. पण ते दुसऱ्याने सांगितलं. म्हणून इथे आलोय. मला एक मोसम हवा आहे. त्याच्या शेवटी आता पुरे, असं मी म्हणणार. मला कुणी म्हणायचं नाही."

एवढ्यासाठी माणूस घरदार सोडून वाळवंटात येतो. मला आधी ते खूळ वाटलं. गाडी चालवताना मी त्यावर विचार करत राहिलो आणि अल कुसैस येईपर्यंत त्याची बाजू मला पुरती पटली होती.

पुढच्या सरावापासून मी त्याला रीतसर अरबी शिकवायला घेतलं. म्हणजे मला येत होतं तेवढं. मी कर्ता, क्रियापद असं सुरू केल्यावर त्याने अतिशय नम्रपणे मला थांबवलं. "वाक्यं नकोत. चेंडू थांबत नाही." मग तो सरळ त्या पोलीस गोलकीपरकडे गेला. यमीन म्हणजे उजवीकडे, यसार म्हणजे डावीकडे, वराक म्हणजे तुझ्या मागे, इत्ला म्हणजे वर सरका. शब्द एवढेच. सराव संपला की दोघं अर्धा तास मैदानावर थांबायचे. एक बोट दाखवायचा, दुसरा ओरडायचा. मी दुभाषा पगारी, आणि बाकावर बसून शेंगदाणे खात होतो. पण ते बघताना मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं.

एका शुक्रवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. त्याने वरणभात तीनदा घेतला, त्यामुळे बायको लगेच त्याच्या पक्षात गेली. आमच्या मुलीने मात्र नाक उडवलं. "बट बाबा, इफ ही डझन्ट स्कोअर, व्हॉट डज ही डू?"

मी त्याला प्रश्न सांगितला. तो उठला, तिचा प्लॅस्टिकचा चेंडू तिच्या पायाशी ठेवला आणि आमच्या अरुंद पॅसेजमध्ये उभा राहिला. माझ्या मागच्या दारापर्यंत जाऊन दाखव, अशी खूण केली. ती सुसाट निघाली. त्याने चेंडूला पायही लावला नाही. नुसता तिच्यासमोर जरासा तिरका उभा राहून मागे मागे सरकत गेला. तिला वाटलं, एका बाजूला मोकळी वाट आहे. तिथून ती घुसली आणि थेट बाथरूममध्ये पोचली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बाथरूम. आम्ही हसून हसून बेजार. "दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली, पण पुढच्या सामन्याला गाडीत आधी जाऊन बसली ती तीच.

त्या दिवसापासून मला खेळ दिसू लागला. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडून देणारा फलंदाज मला आवडतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काहीच करत नाहीये. हाही तसाच होता. प्रतिस्पर्धी फॉरवर्ड जोरात यायचा, हा त्याच्यासमोर तिरका व्हायचा, आणि तो फॉरवर्ड कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन अडकायचा. "यसार!" याची हाक, डावीकडचा धावला, चेंडू बाहेर. काही घडायचंच नाही. न घडण्यात केवढी कारागिरी असते हे मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका जपान्याकडून शिकलो. इतकं एखाद्याचं काम बघत राहावं असं मला त्याआधी फार क्वचित वाटलं होतं.

आमच्याकडचे दुसरे बचावपटू चेंडूसाठी घसरून अंग झोकून द्यायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. याची पांढरी चड्डी सामन्यानंतरही जशीच्या तशी. मी एकदा चिडवलं, "तुमचे कपडे धुवायचीही गरज नाही." तो हसला नाही. "मी पडलो, याचा अर्थ मी उशिरा पोचलो," म्हणाला. "वेळेवर पोचलेल्या माणसाला पडावं लागत नाही."

रमजान आला आणि गेला. तिकिटाचा विषय अरबाबने काढला नाही. गोल खाणं थांबलं होतं. बंदरातले लोक, मासळी बाजारातले कोकणी आणि मलबारी लोक सामन्याला येऊन त्याला 'जापानी, जापानी' म्हणून हाका मारायचे. तो प्रत्येकाला वाकून उत्तर द्यायचा, त्यामुळे मैदानावरून खोलीवर पोचायला त्याला तासभर लागायचा, आणि त्या तासाभरात थोडीफार हिंदीही त्याने उचलली.

मोसमाच्या अखेरीचा एक सामना आम्ही एका गोलने पुढे असताना संपत आला होता. त्यांचा एक कोवळा पोरगा उजवीकडून सुटला. हा समोर गेला, तिरका झाला, पण पोरगा त्याला ओलांडून निघाला. याने वळून अंग झोकलं, गवतावरून लांबवर घसरत गेला आणि पायाच्या टोकाने चेंडू बाहेर काढला. सगळं मैदान उभं राहिलं. गोलकीपरने त्याला मिठी मारली. अरबाब काठी टाकून नाचायच्या बेतात होता. सबंध मोसमात त्याला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. मीही वेड्यासारखा वाजवत होतो.

तो उठला, तेव्हा चड्डीवर मांडीपर्यंत हिरवा डाग होता. सामना संपल्यावर तो बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्या डागावर बोट ठेवून म्हणाला, "उशीर झाला."

मी वाद घातला. एकदाच तर झालं, चेंडू काढलात ना, आपण जिंकलो ना, लोक काय म्हणताहेत ऐका. "अर्धं पाऊल," तो म्हणाला. "मला कळलं. अजून कुणाला कळलेलं नाही." मला त्याचा राग आला. मला तो हवा होता, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. असं त्याला तोंडावर सांगितलंसुद्धा. त्याने माझे आभार मानले. याचा अर्थ काय ते मला जपानी येत असल्यामुळे बरोबर कळलं.

त्या आठवड्यात अरबाबने आम्हाला घरी बोलावलं. मजलिसमध्ये गाद्यांवर क्लबची वडीलधारी मंडळी बसली होती. कहवा आला, खजूर आले. अरबाब खुशीत होता. "बोलो उसको, और एक साल. जो माँगेगा देगा, इन्शाल्ला. वो जो फिसल के बॉल निकाला ना, मेरी सारी जिंदगी में ऐसा नहीं देखा."

मी जपानीत सांगायला तोंड उघडलं. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे मला समजलं," म्हणाला. "उत्तर मी देतो."

तो गादीवर गुडघे दुमडून ताठ बसला. सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. आणि हिंदीत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "अरबाब, शुक्रिया. अभी बस. मैं बंद करता हूँ. मैं खुद."

अरबाबला वाटलं, भाषेत काहीतरी गडबड झाली. तो माझ्याकडे वळला. "क्या बोलता है ये? तुम ठीक से बोलो." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता, विचार करून सांगतो म्हणतोय असं म्हटलं असतं, तर गोष्ट महिनाभर तरी लांबली असती. जीव तर तसंच करायला सांगत होता.

"जो बोला वही बोला, अरबाब," मी म्हटलं. "मेरे को कुछ जोड़ने का नहीं है."

गुडघ्यावर हात टेकून अरबाब उठला, त्याच्याकडे गेला, त्याला हात देऊन उभं केलं आणि अरबी पद्धतीने त्याच्या नाकाला नाक लावलं. जपानी माणूस आधी गोंधळला, मग तसाच डोळे मिटून उभा राहिला.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर टेलिफोनचं बूथ होतं. त्याच्या खिशात फोनकार्ड तयारच होतं. तिकडे जपानात बायको झोपायच्या तयारीत असेल, म्हणाला, आणि आत गेला. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. "मी आहे," तो म्हणाला. "सोडलं." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असणार, कारण तो एकदम मोठ्याने हसला. इतक्या महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "नाही, नाही," तो सांगत होता, "कुणी नाही सांगितलं. मीच. मी सांगितलं." परत एकदा म्हणाला. परत एकदा.

मी गाडीत जाऊन बसलो. किल्ली लावली, पण गाडी सुरू करता येईना, कारण मला रडू फुटलं होतं.