मोगलाईचं पाणी

छबुबाईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, जामखेडच्या बाजूला, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडे इंग्रजी मुलखात. लेक झाला आणि दुखणं-खुपणं काही नाही. दुसऱ्या खेपेला ती वडवणीला सासरी, निजामाच्या मुलखात, मोगलाईत, बाळंत झाली. मुलगी झाली. आणि पोट असं दुखू लागलं, की आपण सुटलो की अजून अडूनच आहोत, हेच तिला उमगेना.

बरं, दुखणंही सरळ नाही. पोर पदराखाली घेतली की कळ यायची, सोडली की थांबायची. आता याला काय म्हणावं? सासूनं, मंजुळाबाईनं, पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली होती. छबुबाईनं ती चोरून सैल केली. कळ आलीच. डिंकाचा लाडू उशाखाली लपवला, तरी कळ आलीच. सटवाई कोपली म्हणावं, तर पाचवी अजून पुजायचीच होती. शेवटी तिच्या मनानं घेतलं, की मोगलाईचं पाणीच बाधतंय आणि तेच दुधात उतरतंय. असलं दूध लेकीला कसं पाजायचं? तिनं पोर दूर सारली. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध सुरू झालं, तशी पोरीला हगवण लागली. रडायलाही तिच्यात त्राण उरलं नाही.

मंजुळाबाई बाजेवर येऊन बसली. "पाज तिला."

"न्हाई, आत्याबाई. तुमच्याकडचं पाणी बाधलंय मला. ती वढाया लागली की पोटात पिळा बसतो. तिकडं असं न्हवतं झालं."

म्हातारीनं पोर उचलून तिच्या छातीशी लावली आणि आपला हात तिच्या पोटावर ठेवला. कळ आली, तसं हाताखाली काहीतरी गच्च आवळलं.

"पाणी न्हाई गं. पोट मिटाया लागलंय, पोर वढती तशी आतली पिशवी आवळून जाग्यावर येती. पहिल्या वक्ताला कळत न्हाई, पुढच्या वक्ताला लई लागतं. दोन-चार रोजात जाईल."

"मंग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"मला तरी कोणी सांगितलं व्हतं? आश्रुबाच्या पाठीवरची पोर मी बी अशीच दूर केलती."

छबुबाई चमकली. नवऱ्याला, आश्रुबाला, पाठची बहीण होती, हे या घरात तिनं कधी ऐकलं नव्हतं. "कुटं हाय ती?"

मंजुळाबाईनं सैल झालेली पट्टी तेवढी पुन्हा आवळून बांधली.

पोर ओढू लागली. कळ आली. पोट मिटायला पोरीनं ओढायलाच का लागतं, हे छबुबाईला अजून कळलं नव्हतं. तिनं पदर दातात धरला आणि लेकीला घट्ट जवळ घेतलं.